राहायला खोली, वाचायला कागद : पारलिंगी माणसांचा इतिहास कोण लिहिणार?

आमच्या अभ्यासवर्गात एका रविवारी पारलिंगी अभ्यासाचा विषय निघाला. कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठात पारलिंगी विषयांवर संशोधन करणाऱ्यांना बाहेरून येऊन काही काळ राहता येते, पाठ्यवृत्ती मिळते आणि ग्रंथालयातली जुनी कागदपत्रे मनसोक्त वाचता येतात, एवढेच मी सांगितले होते. मागच्या रांगेतला एक कार्यकर्ता उठला. म्हणाला, "ताई, आपल्या पोरांची स्कॉलरशिप वर्षवर्ष अडकते, हॉस्टेलचं छत गळतं. त्यात हे परदेशातले लाड आपण कशाला बघायचे?"

त्याचा राग खोटा नाही, म्हणून त्याला उडवून लावणार नाही. पण ज्याला तो लाड म्हणतो, त्याच दोन गोष्टींवर, म्हणजे राहायची जागा आणि वाचायचे कागद यांच्यावर, आपली चळवळ उभी राहिली आहे. हा लेख त्याला दिलेले उत्तर आहे.

बडोद्याची धर्मशाळा

1913 साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे. न्यूयॉर्कमध्ये त्यांना खोली मिळाली, ग्रंथालय मिळाले, आणि वर्गात बसताना कोणी जात विचारली नाही. 9 मे 1916 रोजी त्यांनी तिथल्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध वाचला. भारतातल्या जातींवर तोपर्यंत लिहिले होते ते बहुतेक इंग्रज अधिकाऱ्यांनी, मिशनऱ्यांनी आणि ब्राह्मण पंडितांनी. अस्पृश्य हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. त्या दिवशी तो 'विषय' स्वतः उभा राहिला आणि अभ्यासक म्हणून बोलू लागला.

पुढच्याच वर्षी, 1917 साली, तोच माणूस नोकरीसाठी बडोद्याला आला आणि त्याला गावात खोली मिळेना. नाव लपवून पारशी धर्मशाळेत राहावे लागले. जात कळली तेव्हा काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. कोलंबियाची पदवी होती, संस्थानची नोकरी होती, पण डोक्यावर छप्पर नव्हते. म्हणूनच 1924 साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि 1925 साली सोलापुरात तिने वसतिगृह उघडले, यात नवल नाही. शिक्षणाचा प्रश्न हा आधी मुक्कामाचा प्रश्न असतो, हे बाबासाहेबांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

आज पुण्या-मुंबईत एखाद्या पारलिंगी विद्यार्थ्याला भाड्याने खोली शोधायला लावा. घरमालकाचा चेहरा कसा बदलतो ते पाहा. मुलांच्या वसतिगृहात तिची छळणूक होते आणि मुलींच्या वसतिगृहात तिला प्रवेश नसतो. बडोद्याची ती धर्मशाळा अजून बंद झालेली नाही, दारावरचा माणूस फक्त वेगळे प्रश्न विचारतो.

बर्लिन, 1933

आता कागदांकडे येऊ. लिंगभाव आणि लैंगिकता यांवर राहून, बसून, कागद गोळा करून संशोधन करणारी जगातली पहिली मोठी संस्था बर्लिनमध्ये होती. डॉ. मॅग्नस हिर्शफेल्ड यांनी ती 1919 साली उघडली. हिर्शफेल्ड ज्यू होते, समलिंगी होते आणि डॉक्टर होते. त्या संस्थेत दवाखाना होता, ग्रंथालय होते, व्याख्याने होत. आज ज्यांना आपण पारलिंगी म्हणू अशी माणसे तिथे उपचाराला येत आणि त्यांतली काही तिथेच कामाला राहत. स्वतःच्या पसंतीचे कपडे घालून रस्त्यावर फिरणाऱ्यांना पोलिसांनी पकडू नये यासाठी त्यांना दाखले मिळावेत, म्हणूनही या संस्थेने खटपट केली.

30 जानेवारी 1933 रोजी हिटलर सत्तेवर आला. 6 मे रोजी नाझी विद्यार्थ्यांची टोळी संस्थेवर चालून गेली. 10 मे रोजी बर्लिनच्या ऑपेरा चौकात पुस्तकांची होळी झाली. त्या होळीची छायाचित्रे आपण शाळेच्या पुस्तकात पाहिलेली असतात. पण त्या ज्वाळांत या संस्थेची हजारो पुस्तके आणि कागद होते, हे कोणी सांगत नाही. हिर्शफेल्ड तेव्हा परदेशात होते. ते मायदेशी परतले नाहीत आणि 1935 साली फ्रान्समध्ये वारले.

इथे एक प्रश्न येणार हे मला माहीत आहे. पुस्तक तर बाबासाहेबांनीही जाळले, 25 डिसेंबर 1927 रोजी, महाडला. मग फरक काय? मनुस्मृतीच्या प्रती देशभर होत्या आणि आजही आहेत. ज्या कायद्याने कोट्यवधी माणसांना गुलाम केले, त्या कायद्याची सत्ता आम्ही मानत नाही, एवढे त्या आगीने जाहीर केले. बर्लिनमध्ये सत्तेवर बसलेल्यांनी दुबळ्यांच्या आयुष्याच्या नोंदी जाळल्या, आणि त्यांतल्या कितीतरी नोंदींची दुसरी प्रत जगात नव्हती. एका आगीने गुलामीचा दस्तऐवज नाकारला. दुसरीने माणसे होती याचा पुरावाच नष्ट केला. या दोन आगींना एका मापाने मोजणारा इतिहास ब्राह्मणी इतिहास आहे.

मुंबई, 1934

या होळीला वर्ष होते न होते तोच मुंबईत एक खटला उभा राहिला. रघुनाथ धोंडो कर्वे 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवत होते. त्यात वाचक लैंगिक शंका विचारत आणि कर्वे सरळ उत्तरे देत. हस्तमैथुनावर आणि समलिंगी संबंधांवर आलेल्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. 1934 साली कर्व्यांची बाजू मांडायला उभे राहिले बॅरिस्टर भीमराव आंबेडकर.

एक साल आठवा. काळाराम मंदिराचा सत्याग्रह अजून संपलेला नव्हता, पुणे करार होऊन दोन वर्षे झाली नव्हती. बाबासाहेबांना कामांची कमतरता नव्हती, आणि या खटल्यातून कोणता राजकीय फायदाही नव्हता, झाली तर बदनामीच. तरी ते उभे राहिले. लैंगिक विषयावर लिहिले म्हणून ते आपोआप अश्लील ठरत नाही, लोकांना प्रश्न पडत असतील तर त्यांना शास्त्राच्या आधारे उत्तर मिळाले पाहिजे, या बाजूने ते लढले. त्यासाठी त्या काळच्या लैंगिक विज्ञानातल्या संशोधनाचा आधार घेतला. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला.

"हा आपला विषय नाही" असे म्हणणाऱ्यांना मी एवढेच विचारते, की बाबासाहेबांनी हा विषय आपला मानला होता, तर त्यांच्यापेक्षा जास्त शहाणे आपण कधी झालो?

व्हिक्टोरियाचे कपाट

आता त्या कॅनडातल्या विद्यापीठाकडे. व्हिक्टोरिया विद्यापीठाच्या ग्रंथालयात 'ट्रान्सजेंडर अर्काइव्हज' नावाचा संग्रह आहे. त्यामागे आहेत समाजशास्त्रज्ञ आरोन डेवर, जे स्वतः पारलिंगी पुरुष आहेत. 2007 साली शिकागोच्या रिकी स्विन इन्स्टिट्यूटचा संग्रह तिथे आला आणि सुरुवात झाली. 2013 साली उत्तर आयर्लंडमधल्या अल्स्टर विद्यापीठात रिचर्ड एकिन्स यांनी जमवलेला संग्रह त्यात मिळाला. आज हे कागद रांगेत लावले तर दीडशे मीटरहून लांब होतील. 2016 साली तिथे पारलिंगी अभ्यासाचे अध्यासन झाले. अशा प्रकारचे ते जगातले पहिले. डेवर त्याचे पहिले अध्यक्ष. या अध्यासनामुळे तरुण अभ्यासकांना पाठ्यवृत्त्या मिळतात, बाहेरचे अभ्यासक येऊन राहतात. अध्यासनाच्या आधीच, 2014 पासून, तिथे इतिहासाच्या परिषदाही भरू लागल्या.

या संग्रहात आहे तरी काय? राजे-रजवाड्यांची फर्माने नाहीत. छोट्या मंडळांची सायक्लोस्टाइल पत्रके आहेत, वार्तापत्रे आहेत, खासगी पत्रव्यवहार, कात्रणे, परिषदांच्या कार्यक्रमपत्रिका आहेत. म्हणजे आपल्या कार्यकर्त्यांच्या घरी माळ्यावर जे गाठोडे असते, तेच. फरक इतकाच, की तिथे ते गाठोडे कोणीतरी सोडवले, तारखेने लावले, कोरड्या जागेत ठेवले, आणि कोणालाही येऊन फुकट वाचता येईल अशी सोय केली.

आणि वाचणाऱ्याला वेळ दिला. ही गोष्ट मोलाची आहे. सँडी स्टोन या पारलिंगी विदुषीने 1987 साली लिहिलेल्या आणि 1991 साली छापून आलेल्या एका निबंधापासून या ज्ञानशाखेची सुरुवात मानतात. तिचे म्हणणे थोडक्यात असे : पारलिंगी माणसांबद्दल डॉक्टर लिहितात, आणि उपचार हवे असतील तर रुग्णांना डॉक्टरांच्या पुस्तकात बसेल अशीच आपली कहाणी सांगावी लागते. तेव्हा आता आपणच लिहिले पाहिजे. 1916 च्या त्या परिसंवादात घडलेली आणि ही, या दोन्ही घटनांचे नाते आंबेडकरी माणसाला समजावून सांगावे लागू नये.

पण पैसा कोणाचा, जमीन कोणाची?

कौतुक झाले, आता चिकित्सा. हे सगळे उभे राहिले ते श्रीमंतांच्या पैशावर. 1964 साली आपल्या नावाने प्रतिष्ठान काढून अमेरिकेत या विषयाच्या संशोधनाला पैसा पुरवणारा रीड एरिक्सन हा धनाढ्य पारलिंगी उद्योजक होता. व्हिक्टोरियाच्या अध्यासनाला मोठी देणगी दिली ती जेनिफर प्रित्झकर या अब्जाधीश पारलिंगी स्त्रीच्या प्रतिष्ठानने. त्यांनी दिले हे चांगलेच केले. पण ज्यांच्याकडे पैसा, त्यांच्याच ओळखीतल्या माणसांचे कागद आधी जपले जातात, हा नियम तिथेही चालतो. त्या कपाटात गोऱ्या मध्यमवर्गीय माणसांची पत्रे भरपूर आहेत. ज्यांना लिहिता येत नव्हते, ज्यांचे घर दर वर्षी पाडले जायचे, त्यांची पत्रे कुठून येणार?

जमिनीचेही तसेच. ते विद्यापीठ ज्या भूमीवर आहे ती लेक्वंगेन लोकांची. उत्तर अमेरिकेतल्या मूलनिवासी समाजांत स्त्री-पुरुष या दोन खणांत न मावणाऱ्या माणसांना जागा होती. ती जागा मिशनऱ्यांनी आणि निवासी शाळांनी मोडली. 1990 साली विनिपेगजवळ जमलेल्या मूलनिवासी कार्यकर्त्यांनी 'टू-स्पिरिट' हा शब्द घेतला, तो दुसऱ्यांनी दिलेली नावे टाकून देण्यासाठी. म्हणजे शोषितांच्या आतही आणखी शोषित असतात, आणि त्यांना आपले नाव स्वतः ठेवावे लागते.

कागद एकदा कपाटात गेले म्हणजे ते कायमचे सुरक्षित झाले, असेही नाही. 20 जानेवारी 2025 रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी सरकार फक्त स्त्री आणि पुरुष एवढीच लिंगे मानेल असा आदेश काढला. आग लावायला आता चौकात जावे लागत नाही, अनुदान थांबवले तरी काम होते.

आपल्याकडचे दप्तर पोलिसांचे

आणि आपल्याकडे? आपल्याकडे तृतीयपंथीयांचा सरकारी लिखित इतिहास सापडतो तो पोलिसांच्या दप्तरात. 1871 सालचा गुन्हेगार जमाती कायदा आपल्याला ठाऊक आहे. पारधी, कैकाडी, बेरड अशा कितीतरी जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवणारी व्यवस्था त्या कायद्याने उभी केली. पण त्याच कायद्याचा दुसरा भाग हिजड्यांवर होता, हे आपल्या अभ्यासवर्गात किती वेळा सांगितले जाते? संशयित हिजड्यांची नावे आणि पत्ते यांची नोंदवही ठेवायची, त्यांच्या मालमत्तेची माहिती घ्यायची, बाईच्या वेशात सार्वजनिक जागी दिसले, नाचले, गायले तर तुरुंगात टाकायचे. मुख्यतः आजच्या उत्तर प्रदेशात हा भाग राबवला गेला. 1911 च्या नव्या कायद्यात तो उरला नाही, पण पोलिसाच्या डोक्यातून गेला नाही.

मराठवाडाही सुटला नव्हता. मराठवाडा ज्या निजामाच्या राज्यात होता, त्या हैदराबाद संस्थानाने 1919 च्या सुमारास असाच कायदा केला. संस्थान गेले, तरी तेलंगणात तो कायदा पुस्तकात राहिला. तेलंगणा उच्च न्यायालयाने 2023 साली तो घटनाबाह्य ठरवून रद्द केला.

एकाच कायद्याने भटके-विमुक्त आणि तृतीयपंथी या दोघांना एकाच नोंदवहीत कोंबले. मग त्यांच्या लढ्याचा इतिहास वेगवेगळ्या वहीत का लिहायचा?

जातीशिवाय पारलिंगी नाही

काही लोक म्हणतात, हिजड्यांमध्ये जात नसते. जात मोडायला फक्त घर सोडणे पुरत नाही. घराबाहेर काढलेल्या सवर्ण मुलाकडे इंग्रजी असते, कागदपत्रे असतात, एखादी मावशी तरी असते. घराबाहेर काढलेल्या दलित मुलाच्या वाट्याला सिग्नल येतो. यल्लम्माला सोडलेले जोगते आणि जोगतिणी बहुतांश दलित-बहुजन जातींतलेच का, याचे उत्तर देवीकडे नाही, जातिव्यवस्थेकडे आहे. तमिळनाडूच्या लिव्हिंग स्माइल विद्या यांनी पारलिंगी द्वेषाचे नाते थेट ब्राह्मणशाहीशी जोडले. ठरावीक माणसांना ठरावीक हीन कामांतच डांबून ठेवणे, हा दोन्हीकडचा समान धागा आहे. ग्रेस बानू समांतर आरक्षण मागतात ते यासाठीच. 2014 च्या नालसा निकालाने पारलिंगींना मागास मानून आरक्षण द्यायला सांगितले, पण 2019 च्या कायद्यात आरक्षणाचा शब्द नाही. दलित पारलिंगी व्यक्तीने अनुसूचित जातीचा हक्क सोडून दुसऱ्या रांगेत का उभे राहायचे, हा बानूंचा सवाल आपला सवाल आहे.

दुसरीकडून धर्माचे आमंत्रण आहेच. 2015 साली किन्नर आखाडा निघाला. 2018 साली त्याच्या प्रमुखांनी अयोध्येच्या मंदिराला पाठिंबा दिला, तेव्हा अनेक पारलिंगी कार्यकर्त्यांनी जाहीर निषेध केला. तो निषेध लक्षात ठेवा. आपण हात पुढे केला नाही तर भगवा हात पुढे येतो, हे आपण बहुजनांच्या बाबतीत पाहिलेले आहे.

आपल्यातलेच काही जण 16 जून 1936 च्या मुंबईतल्या भाषणाचा दाखला देतात. दामोदर हॉलमध्ये जोगतिणी, मुरळ्या, देवदासी यांच्यापुढे बाबासाहेब कठोर बोलले, तो धंदा सोडा म्हणाले. खरे आहे. पण ते त्यांच्यासमोर जाऊन बोलले, आणि धर्मांतराच्या वाटेवर आपल्याबरोबर चला असे सांगायला गेले. टाळी वाजवून मागणे ही संस्कृती आहे, तिचे कौतुक करा, असे मीही म्हणत नाही. पण जो माणूस "धंदा सोड" म्हणतो, त्याने वसतिगृहाचे दारही उघडायला हवे. बाबासाहेबांनी ते उघडले होते. आपण नुसतेच बोलतो.

एक ट्रंक

माझ्या कामाच्या वस्तीत एक वयस्क तृतीयपंथी गुरू वारल्या. त्यांच्याकडे एक पत्र्याची ट्रंक होती. जुने फोटो, कोर्टाचे कागद, चेल्यांच्या नावांची वही, आणि एका मोर्च्याचे पत्रक, ज्यावर निळा झेंडा छापलेला होता. मी ते एकदा पाहिले होते आणि "नंतर कधीतरी बसू" म्हणाले होते. मयतीनंतर आठवड्याने गेले तर घरमालकाने खोली रिकामी केली होती. ट्रंक भंगारात गेली होती, कागद रद्दीत. त्या वस्तीच्या चाळीस वर्षांचा इतिहास किलोच्या भावाने गेला. त्यात माझाही दोष आहे.

बाबासाहेबांच्या कागदांची तरी काय गत झाली होती? त्यांच्या मागे कितीतरी कागद वर्षानुवर्षे धूळ खात पडले, काही खराब झाले. 1979 पासून वसंत मून यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र शासनाने खंड काढायला सुरुवात केली, म्हणून आज आपल्या हातात बाबासाहेब आहेत. एका माणसाने कपाट सांभाळले नसते, तर आपण आज कोणाच्या आधारावर वाद घातला असता?

मग करायचे काय?

मागच्या रांगेतल्या त्या भावाला माझे सांगणे आहे, की हा लाड नाही आणि तो परदेशात ठेवून देण्याची गोष्टही नाही. चार कामे आजपासून करता येतात.

एक, समाजकल्याणच्या वसतिगृहात पारलिंगी विद्यार्थ्यांना त्यांच्या ओळखीप्रमाणे आणि सुरक्षित प्रवेश मिळावा, ही मागणी आपल्या नेहमीच्या निवेदनात घाला. गळक्या छताचे निवेदन आणि हे निवेदन एकच आहे.

दोन, बार्टी आणि महाज्योतीच्या अधिछात्रवृत्तींमध्ये दलित, आदिवासी, भटक्या-विमुक्त पारलिंगी संशोधकांसाठी जागा मागा. विद्यापीठांत डॉ. आंबेडकर अध्यासने आहेत. तिथे वर्षाला निदान एक निवासी अभ्यासक पारलिंगी समाजातला असावा, आणि पदवी नसली तरी ज्याने चळवळीत आयुष्य घातले त्यालाही ती जागा खुली असावी.

तीन, प्रत्येक बुद्धविहारात एक कपाट. फोटो, पत्रके, वह्या, ध्वनिमुद्रणे. देणाऱ्याची परवानगी लेखी घ्या, मूळ कागद त्यालाच परत करा, आपण प्रत ठेवा. कोणाचे नाव उघड करायचे आणि कोणाचे नाही, हे त्याच माणसाने ठरवायचे. पोलिसांच्या नोंदवहीत आणि आपल्या नोंदवहीत एवढा तरी फरक हवा.

चार, वाचा. अ. रेवती, लिव्हिंग स्माइल विद्या यांची आत्मकथने आहेत. आपल्या मराठीत दिशा पिंकी शेख यांची कविता आहे. जयंतीच्या व्यासपीठावर त्यांना नाच-गाण्यासाठी नव्हे, भाषणासाठी बोलवा.

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, हे आपण रोज म्हणतो. शिकायला खोली लागते. संघटित व्हायला एकमेकांचा इतिहास माहीत असावा लागतो. आणि संघर्षात पुरावा लागतो. ही तिन्ही कामे त्या "लाडां"मधूनच होतात.

कोणाच्या वस्तीत अशी एखादी ट्रंक असेल, तर या रविवारी जाऊन बसा. "नंतर कधीतरी" म्हणू नका.

जय भीम!